नवऱ्याचा रकाना

चंद्रकला दुसरीपर्यंत शिकलेली. अक्षर लागायचं तिला, पण दमादमानं, खडीच्या रस्त्यावर अनवाणी चालावं तसं. जव्हारला बियाण्यांची जत्रा भरली होती. ती भरवणाऱ्या संस्थेच्या मांडवात टेबलावर, बी आणलेल्या प्रत्येकीच्या नावाची छापील चिठ्ठी ठेवलेली. तिनं आपली उचलली आणि बोट लावून वाचायला घेतली.

नाव: चंद्रकला. बरोबर.

नवरा: साखरशेत.

बोट तिथंच अडलं. तिनं पदरानं चिठ्ठी पुसली. अक्षरं काही पुसली गेली नाहीत. साखरशेत तिचं गाव. सगळं गाव, गुराढोरांसकट, कोंबड्यांसकट, तिचा नवरा होऊन बसलं होतं.

"ए बाय!" ती कॉम्प्युटरवर बसलेल्या प्रतिक्षावर गरजली. "लग्न माझं एकाशी लागलं होतं. तू अख्ख्या गावाशी लावलंस?"

मागं कोणीतरी फस्सकन हसलं. चंद्रकलेनं वळून पाहिलंच नाही. ते हसणं ती ओळखत होती. शेजारीण सकू. गेल्या पावसाळ्यात हिच्या पेरलेल्या राबात, भाताच्या रोपांच्या वाफ्यात, तिच्या कोंबड्या घुसल्या, तेव्हापासून दोघींत बोलणं बंद.

प्रतिक्षा मोखाड्याची पोर, संस्थेनं कामाला ठेवलेली. तिनं चिठ्ठी पाहिली आणि कपाळाला हात लावला. "मावशी, पुढचं वाचा. गाव: कसबई. भात: गरवा. सगळंच सरकलंय."

"कसबई माझ्या भाताचं नाव! गावाचं नाही!"

"तेच सांगते. मी सगळ्यांची माहिती एका साध्या फाइलीत लिहिलीय. एका ओळीत एक बाई. मग एक स्क्रिप्ट केली, म्हणजे कॉम्प्युटरला देऊन ठेवलेला हुकूम. तो एकेक ओळ वाचतो. पहिला शब्द नाव, दुसरा नवरा, तिसरा गाव, चौथा भात, पाचवा हळवा का गरवा, म्हणजे लवकर पिकणारा का उशिरा. मधे मोकळी जागा दिसली की पुढचा रकाना धरायचा, एवढंच त्याला कळतं."

"मग?"

"तुमच्या नवऱ्याचा रकाना मोकळा. मोकळी जागा एवढीशी असो की हातभर, त्याला सारखीच. त्यानं ती ओलांडली आणि समोर आलेलं गाव उचलून नवऱ्याच्या जागी बसवलं."

चंद्रकलेला तो दिवस आठवला. हीच पोर गावात आली होती, मांडीवर कॉम्प्युटर घेऊन. बायका ओळीनं बसलेल्या. नवऱ्याचं नाव बाईनं तोंडानं घ्यायचं नाही, शेजारच्या बाईनं सांगायचं, ही रीतच. सगळ्यांची नावं अशीच सांगून झाली. चंद्रकलेच्या शेजारी नेमकी सकू. सकू वाट बघत बसली, की ही म्हणेल, सांग गं माझ्या मालकाचं. ही कसली म्हणते! "राहू दे मोकळं," म्हणाली आणि ताठ मानेनं उठून गेली.

"बरं, आता नीट कर," ती जरा खालच्या आवाजात म्हणाली. "माझं पोतं कुठंय?"

प्रतिक्षानं कॉम्प्युटरात पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. "मावशी... सगळं सरकलं ना, मग पाचव्या रकान्याला काही उरलंच नाही. आणि ज्याचा पाचवा रकाना रिकामा, ते पोतं भरडायच्या ढिगात, असं मीच लिहून ठेवलंय. पिकायचं कधी ते ठाऊक नसलेलं बी वाटणार कसं? इथल्या दुपारच्या जेवणाला..."

"भरडायला?" चंद्रकलेच्या तोंडचं पाणी पळालं. "माझं बी?"

कसबई आता तिच्या एकटीकडे उरली होती. सासूनं कणगीत राखलेली, तिनं पुढं राखलेली. यंदा पहिल्यांदा दहा गावांत वाटायची म्हणून घरात मूठभरही न ठेवता सगळी पोत्यात भरून आणली होती. भरडलं की तांदूळ. तांदूळ काय उगवतो?

"टेंपो गिरणीकडं निघालाय बघा!" प्रतिक्षा ओरडली.

चंद्रकला मांडवाबाहेर भरलेल्या बाजारात धावली. टेंपो रस्त्याला लागत होता. आणि मागं पोत्यांवर, विडी ओढत, मजेत बसलेला कोण? तिचाच नवरा! सांगितली ती पोती न बघताच चढवून, गिरणीजवळ चहा मिळेल म्हणून निघालेला. बसलेला तोही नेमका कसबईवर.

"ओ! ऐकलं का!" ती ओरडली. बाजारातले सगळे बाप्ये वळले. तो वळला नाही.

"ओ सोम्याच्या बा!" दोन भलतेच सोम्याचे बाप थांबले. टेंपोनं वेग घेतला.

शेजारी सकू येऊन उभी. ओठ घट्ट मिटलेले. नाव तिला ठाऊक, आवाज तिचा डोंगरापलीकडं जाणारा. नुसती विचारायची खोटी. डोळ्यांनी म्हणत होती, बोल, सांग गं सकू म्हण, एकदा म्हण.

चंद्रकलेनं तिच्याकडं पाहिलं. टेंपोकडं पाहिलं. मग पदर कमरेला खोचला, छाती भरून वारा घेतला आणि भर बाजारात बोंब ठोकली,

"पुंजाऽऽऽ! अरे पुंजाऽऽ, बुडाखालचं पोतं घेऊन उतर खाली!"

भाजीवाली तोलता तोलता थांबली. सकूच्या तोंडाचा आ झाला तो मिटेना. टेंपोवर पुंजाच्या तोंडातली विडी गळून पडली. त्यानं टपावर धडाधड हात मारले. टेंपो थांबला न थांबला तोच त्यानं पोत्यासकट उडी टाकली आणि पोतं डोक्यावर घेऊन पळत आला. चेहरा पांढराफटक.

"कोण मेलं?" तो धापा टाकत म्हणाला. "घरी काय झालं?"

"कोणी मेलं नाही."

"मग तू माझं नाव..."

"बी खाली ठेव आधी."

तो ठेवीना. नातवंडं झाली तरी ते नाव त्या तोंडून त्यानं कधी ऐकलं नव्हतं. पोतं डोक्यावर तसंच धरून तो तिच्याकडं बघत राहिला.

आतून प्रतिक्षाचा आवाज आला, "मावशी, पुंजाच ना? टाकलं मी रकान्यात. आता बघा." छपाईचं यंत्र कुरकुरलं. नवी चिठ्ठी घेऊन ती बाहेर आली.

चंद्रकलेनं बोट लावून वाचली. नवरा: पुंजा. गाव: साखरशेत. भात: कसबई. शेवटी, सगळ्यात शेवटी, गरवा. तिनं स्वतःच पोतं त्याच्या डोक्यावरून खाली घेतलं. चिठ्ठी पोत्याला बांधताना सुतळीची गाठ दोनदा सुटली.

"मला सांगितलं असतंस तर मी हाक मारली असती," सकू शेवटी बोलली.

"तुझी हाक कोंबड्यांना राख," चंद्रकला म्हणाली. मग पोत्यात हात घालून तिनं ओंजळभर कसबई काढली आणि सकूच्या पदरात टाकली. "आणि यंदा बांधून ठेव त्यांना."

पुंजा मागं घुटमळत होता. हळूच म्हणाला, "काय म्हणालीस मघा? टेंपोच्या आवाजात नीट आलं नाही ऐकू."

"चिठ्ठीवर लिहिलंय," ती म्हणाली. "वाचून घ्या."

आणि पुंजाला वाचता येत नव्हतं.