सुरकुती नसलेली जाळी

माझे भावोजी शिंपी. चाळीस वर्षांत त्यांच्या तावडीतून एकही सुरकुती जिवंत सुटलेली नाही. लेकीच्या बेसबॉलच्या सरावासाठी परसात जाळीचा पिंजरा करायचं ठरलं, तेव्हा जाळी निवडायचा मान त्यांनी स्वतःकडेच घेतला. मला नेलं ते पिशवी धरायला.

भाचीचा डावा डोळा गेल्या वर्षी एका चेंडूनं घेतला. उजवा सांभाळा, असं डॉक्टर म्हणाले. तिनं बॅट सोडली नाही. ताईनं झोप सोडली. मैदानात नाही, घरच्या पिंजऱ्यात एकटीनंच खेळायचं, एवढ्या बोलीवर ताई कबूल झाली होती.

दुकानदारानं तीन जाळ्या मांडल्या. भावोजींनी प्रत्येक चिमटीत चोळली, उरेब, म्हणजे तिरकी, ताणली, उजेडात धरली. आता अस्तर मागतात की काय, असं मला वाटलं. शेवटी काळी, जाड, बारीक भोकांची पसंत पडली. निवड उत्तम होती. दुकानदारानं मात्र बजावलं, की ही सैल सोडायची, खाली हातभर लोळू द्यायची, म्हणजे चेंडू तिच्यातच मरतो. बाहेर आल्यावर भावोजी म्हणाले, “लोळणारी जाळी! याच्याकडे पायजमा शिवायला टाकू नकोस.”

रविवारी त्यांनी ती खांबांना बांधली. वितीवितीला गाठ. बोट मारलं की टणकन वाजायची. मी दुकानदाराची आठवण करून दिली, तर त्यांनी अजून एक पीळ दिला. बहिणीच्या नवऱ्याशी वाद घालून कुठल्या मेव्हण्याचं भलं झालंय?

भाची आत गेली, भावोजींनी बाहेरून दारालाही गाठ मारली. तिनं चेंडू स्टँडवर ठेवला आणि हाणला. आवाज तीन आले: बॅटचा, समोरच्या जाळीचा, मागच्या जाळीचा. मधे तिच्या डाव्या कानावरचे केस उडाले.

ती समोर वाकून शोधत होती.

“मामा, चेंडू कुठे गेला?”

तो मागून घरंगळत तिच्या टाचेला लागला.

“बघ,” भावोजी खूश होऊन म्हणाले, “आणायलाही जावं लागत नाही.”

ताईनं खिडकीतून विचारलं, ठीक आहे ना सगळं. एकही चेंडू बाहेर गेला नाही, असं भावोजींनी सांगितलं, आणि ते खरंच होतं.

मी भाचीला थांब म्हणालो आणि दाराची गाठ सोडायला धावलो. शिंप्याची गाठ. नख तुटलं, ती हलली नाही.

“मामाचं काय ऐकतेस,” भावोजी म्हणाले, “हाण जोरात.”

तिनं चेंडू उचलून स्टँडवर ठेवला.