शेऱ्यातला 'नि.'

"'नि.' म्हणजे काय, ताई?" पडद्यावर प्रश्न उमटला आणि यशोधरा की-बोर्डवर 'एन' शोधू लागली.

कॅम्प एकमधल्या सायबर कॅफेत ती सकाळपासून बसली होती. गावोगावचे कॉलेज विद्यार्थी शनिवार-रविवार ऑनलाइन जमून छोट्या संस्थांच्या अडचणी सोडवत होते. तिच्या संस्थेची अडचण एवढीच, की रक्तदात्यांची अकराशे चाळीस नावं तिच्या वह्यांत होती आणि ती नसली की कुणालाच सापडत नव्हती. पानांचे फोटो पाहून पोरांनी सगळी नावं संगणकात भरली होती. रक्तगटापुढे पॉझिटिव्ह ती लिहीतच नसे. बहुतेक सगळे तेच. निगेटिव्ह असला तरच शेऱ्यात 'नि.' लिही. अशी बावन्न नावं होती.

'एन', मग 'ई'. 'जी' सापडेपर्यंत नागपूरच्या मुलाने लिहिलंही होतं, निधन असणार, काढून टाक. यादी जुळवणाऱ्या पुण्याच्या नीलिमाने 'ओके' म्हणून ती सगळी नावं काढली. यशोधराचा शब्द पोचला तेव्हा अभिनंदनं सुरू झाली होती. तो भराभर वर सरकत दिसेनासा झाला. परत लिहावं असं तिला वाटलं. पण आता ताईंना वह्या चाळायला नकोत म्हणून नीलिमा इतकी खुशीत होती, की तिचा विरस करवेना. वाचलं असेल कुणीतरी, असं म्हणून ती उठली.

तीन आठवड्यांनी ती अंबरनाथला भावाकडे गेली होती, म्हणून सेक्रेटरी महेंद्रने यादी उघडली. कॅम्प चारमधल्या एका बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नव्हता. ओ निगेटिव्ह हवं होतं. यादीत एकही नाव आलं नाही. त्याने तसं कळवलं. नातेवाईक कल्याणला धावले. दुपारी यशोधरा ऑफिसात आली, तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, आपल्याकडे ओ निगेटिव्ह एक पण नाय. कमाल आहे ना?"

"अठरा आहेत," यशोधरा म्हणाली, आणि तिने कपाटातून वह्या ओढल्या.

सहा फोन वाया गेले. सातवा बेलवलीच्या जनूने उचलला. तो शेतावरून तसाच निघाला.

साडेचारला तो हॉस्पिटलात पोचला, तेव्हा यशोधरा जिन्याखालच्या बाकावर बसली होती. बाळंतीण चारलाच गेली होती. यशोधराने ते सांगितलं. जनू शेजारी बसला. शर्टाची बाही त्याने वाटेतच कोपरावर दुमडली होती.

"मना येवाला उशीर झाला काय गो, बाय?"

"तुम्हाला नाही, जनूभाऊ. मला झाला."

"न पोर कसा हाय?"

"पोरगी आहे. बरी आहे."

जनूने मान हलवली. आपल्या उघड्या हाताकडे त्याने एकदा पाहिलं. मग बाही खाली ओढून मनगटाचं बटण लावू लागला. एका हाताने ते लागेना. यशोधराने वाकून ते लावलं.