मागचा नंबर

आलमबागेत भाड्याच्या घरात राहणाऱ्या उत्कर्षाला त्या वर्षी, म्हणजे चौऱ्याण्णव साली, मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला बसायचं होतं. तिचे वडील लक्ष्मीकांत बँकेत होते, सांगलीहून थेट उत्तरेत बदलून आलेले. शहरात ओळखीचं कोणी नव्हतं. गॅसच्या सिलिंडरपासून फोनच्या जोडणीपर्यंत सगळं खालच्या मजल्यावरचे घरमालक अवधेशभैया करून देत. त्यांनी कधी आवाज चढवलेला कोणी ऐकला नव्हता.

अर्जही त्यांनीच आणले. एक उत्कर्षासाठी, एक त्यांच्या धाकट्या भावासाठी, दीपूसाठी.

“भरकर हमें दे देना, बिटिया. दोनों साथ में जमा करवा देंगे.”

“बघ, किती करतात माणसं,” लक्ष्मीकांत म्हणाले. त्याच संध्याकाळी उत्कर्षानं अर्ज भरून खाली नेऊन दिला.

दुसऱ्या दिवसापासून दीपू वर येऊ लागला. उत्कर्षा अभ्यासाला बसली की तो खुर्ची तिच्या मागे ओढून घ्यायचा आणि तिच्या खांद्यावरून वहीत बघत राहायचा.

“किताब कहाँ है तेरी?” शेवटी तिनं विचारलं.

“किताब का क्या करूँगा? तेरी लिखावट की आदत डाल रहा हूँ.” तो मोकळेपणानं हसला. “फॉर्म जिस क्रम से खिड़की पर जाते हैं, रोल नंबर वैसे ही मिलते हैं. मेरा फॉर्म तेरे पीछे, तो हॉल में मैं भी तेरे पीछे. बस, हाथ ज़रा हटाके लिखना.”

“और नहीं हटाया तो?”

दीपूनं तिच्या आईनं, चंद्रप्रभाबाईंनी, ठेवलेल्या बशीतली शंकरपाळी उचलली. “पिछले साल भैया के साले के आगे एक लड़का बैठा था. उसने पेपर ढक लिया था.”

“फिर?”

“फिर कुछ नहीं. अब पढ़ता नहीं है वो. आंटी, ये बढ़िया बनी है!”

रात्री जेवताना तिनं हे घरी सांगितलं. लक्ष्मीकांत आधी हसले. मग उठून त्यांनी अंगणाकडची खिडकी लावून घेतली.

“पकडलं तर दोघांनाही बाहेर काढतात, बाबा. पुन्हा बसूही देत नाहीत.”

“आपण अर्ज परत मागू,” चंद्रप्रभाबाई म्हणाल्या.

“कुठल्या तोंडानं? आणि राहतोय कुणाच्या घरात?”

सकाळी चंद्रप्रभाबाई खाली गेल्या आणि फोटो नीट चिकटला नाही असं सांगून उत्कर्षाचा अर्ज मागितला. अवधेशभैयांनी तो लगेच काढून दिला. वर एक गोंदाची बाटलीही दिली.

“इतक्या सहज का दिला गं त्यांनी?” वर आल्यावर त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या.

शेवटच्या दिवशी कुणाला न सांगता उत्कर्षा एकटीच हजरतगंजच्या कार्यालयात अर्ज द्यायला गेली. खिडकी एकच, रांगा दोन. एक मुलांची, एक मुलींची. बाबू एक अर्ज इकडून घेई, एक तिकडून. तिच्या मागे निकहत नावाची मुलगी उभी होती, दोन टेम्पो, म्हणजे तिथल्या मोठ्या रिक्षा, बदलून आलेली, बडबडी.

“मैथ से जान छुड़ाने को बायो ली थी,” निकहत सांगत होती. “अब फिज़िक्स जान ले रही है!”

उत्कर्षाला कित्येक दिवसांनी मोकळं हसू आलं. रांग पुढे सरकली, आणि तिला अवधेशभैया दिसले.

मुलांच्या रांगेत खिडकीलगत ते उभे होते, हातात दीपूचा अर्ज. आपला नंबर आला की मागच्या मुलाला पुढे जाऊ देत होते. त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. उत्कर्षाकडे बघून त्यांनी मान हलवली.

“आओ बिटिया, आराम से.”

ते तिच्या अर्जाची वाट बघत होते. ती रांगेच्या शेवटी गेली असती तरी ते तिथेच थांबले असते, आणि खिडकी बंद व्हायला आता फार वेळ उरला नव्हता. पुढची मुलगी बाजूला झाली.

“निकहत, फॉर्म दे इधर. साथ में देती हूँ.”

निकहतनं विश्वासानं दिला. उत्कर्षानं आपला अर्ज वर ठेवला आणि दोन्ही एकदमच आत सरकवले. दमलेल्या बाबूनं मान वर न करता दोन्हींवर लागोपाठ शिक्के मारले. पहिला नंबर उत्कर्षाचा, त्यामागचा निकहतचा. मग अवधेशभैयांचा हात पुढे आला.

पावत्या मिळाल्या. अवधेशभैयांनी आपल्या हातातली पावती शांतपणे वाचली. दीपूचा नंबर आता निकहतच्या मागे होता. मग ते उत्कर्षाकडे नाही, निकहतकडे वळले.

“पढ़ाई में कैसी हो, बिटिया?”

“जी, क्लास में फर्स्ट आती हूँ.”

“शाबाश. रहती कहाँ हो?”

“निकहत, चल,” उत्कर्षानं तिचा हात ओढला.

“चिनहट,” निकहत अदबीनं म्हणाली. “डाकघर के ठीक पीछे.”

“अरे, हमारी जीप उधर ही जा रही है. छोड़ देते हैं.”

निकहतचा चेहरा उजळला. उत्कर्षानं तिला जवळजवळ फरफटत रस्त्यावर आणलं आणि समोर आलेल्या टेम्पोत ढकललं. टेम्पो हलल्यावर तिनं सगळं सांगितलं, दीपूची खुर्ची, तो पेपर झाकणारा मुलगा, सगळं.

“तुझे पता था?” निकहतनं विचारलं. “मेरा फॉर्म नीचे रखते वक्त, तुझे पता था?”

“हाँ.”

निकहत बाकावर जागा होती तेवढी लांब सरकली. “उतर जा.”

“तेरे अब्बू को मैं खुद बताऊँगी. घर तक चलने दे.”

“उतर जा, कहा ना!” ती टेम्पोवाल्याकडे वळली. “भैया, रोकना.”

टेम्पो कडेला थांबला. उत्कर्षा जागेवरून हलली नाही. तिनं मागे वळून पाहिलं. थोड्या अंतरावर जीपही थांबली होती, आणि अवधेशभैया काचेवर हात टेकून शांतपणे वाट बघत होते.