एकतिसावी डिस्क

शाळेला तीस डिस्क हव्या होत्या. तिथले कम्प्युटर जुने, नेट नावालाच; त्यामुळे फुकट मिळणारी, कुणालाही उघडून बघता येणारी ती ऑपरेटिंग सिस्टीम डिस्कवरूनच चढवायची होती. सुनेने सकाळपासून ड्राइव्हमध्ये घालून चौदा लिहून काढल्या होत्या.

कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान घराच्या पुढच्या खोलीत. सासरे एकेकाळचे नावाजलेले कारागीर, पण चार वर्षांपूर्वी त्यांची नजर गेली. नवरा बोटीवर, वर्षातून दोनदा घरी. तेव्हापासून सासऱ्यांचं डोकं आणि सुनेचे डोळे, यांवर दुकान चालत होतं. काम त्यांनीच शिकवलं. पहिल्यांदा तिने फाईल नुसती डिस्कवर उतरवली आणि मशीन ढिम्म हललं नाही, तेव्हा ते हसून म्हणाले होते, "अगं, बंद खोकं आणून ठेवलंस! आतला माल कोण मांडणार? इमेज म्हणून लिही, म्हणजे मशीन डिस्कवरूनच सुरू होईल." आता ती झोपेतही लिहू शकली असती. पण पाणी प्यायला उठली तरी हाक यायची, "सूनबाई, काय दाखवतंय गं?"

शाळेतल्या कम्प्युटरच्या बाई तयार डिस्क न्यायला आल्या, तेव्हा सासरे आत जेवत होते.

"मुलाखतीला आला नाहीत ते?" बाईंनी विचारलं.

"कसली मुलाखत?"

"लॅबच्या जागेची. तुमचाच अर्ज होता ना? मी दुकानात फोन केला, तर तुमचे सासरे म्हणाले, तिचा विचार बदललाय. आता जागा भरली हो."

ड्राइव्ह घरघरत होता. बासष्ट टक्के. त्रेसष्ट. ती आकड्यांकडे बघत राहिली.

बाई गेल्या. सासरे भिंत चाचपत बाहेर आले.

"बाबा, माझ्यासाठी शाळेतून फोन आला होता?"

त्यांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. "आला होता."

"मला विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर गेली असतीस."

दुकानाचं दार सताड उघडं होतं, समोरून माणसं जात-येत होती. तिने सोळावी डिस्क घातली. मग सतरावी.

तीस झाल्यावर तिने आणखी एक लिहिली आणि त्या डिस्कवरून दुकानातलं मशीन सुरू केलं. या सिस्टीममध्ये पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज होता. तिने हेडफोन सासऱ्यांच्या कानांवर चढवला.

"हा बोलतोय की नाक दाबून रडतोय?" त्यांनी तो काढून ठेवला. "मला माणसाचा आवाज लागतो."

"माणूस गुरुवारी सकाळी नसणार. बाईंना फोन करून मी दोन तासांचं काम घेतलंय, शिक्षकांना सिस्टीम चढवायला शिकवायचं." तिने हेडफोन पुन्हा त्यांच्यापुढे सरकवला. "विचारत नाहीये, बाबा. सांगतेय."

तीन दिवस त्यांनी हेडफोनला हात लावला नाही.

गुरुवारी ती कोपऱ्यापर्यंत पोचली नाही तोच सासऱ्यांचा फोन आला.

"हा कानातला आवाज सारखा ओके ओके करतोय. काय करू?"

"एंटर दाबा."

शाळेच्या फाटकापर्यंत फोन चारदा आला. चारही वेळा ती रस्त्याच्या कडेला थांबून बोलली. पाचव्यांदा वाजला तेव्हा ती वर्गात फळ्यापुढे होती. तिने तो उचलला नाही. पण दोन्ही तास तिचं अर्धं लक्ष पिशवीकडेच होतं.