खुंटीवरची किल्ली

मित्रांनो, माझ्या बॉनेटवर घसरगुंडी खेळता तेव्हा मी चकार शब्द काढत नाही. पण आज जरा खाली उतरा आणि ऐका. मी जळकोटच्या दगडाबाईंची हिरवी जीप. जुनी आहे, भंगार नाही. भंगार म्हणणाऱ्यानं आधी आपल्या दाराची कडी बघावी. हा ठसका मला मालकिणीकडून आला. आणि आज मान खाली घालून बोलते आहे, तेही तिच्याचपायी.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी पांढरीशुभ्र होते. पाटबंधाऱ्याच्या साहेबांना घेऊन तेरणेच्या काठानं हिंडले. मी दिसले की पाटाचं पाणी चोरणारे शेतात आडवे व्हायचे. मग नव्या गाड्या आल्या आणि मला कचेरीमागं लिंबाखाली उभं केलं. साहेब रोज शेजारून जायचे, पण एकानंही कधी वळून बघितलं नाही. माझ्या बॉनेटखाली उंदरांच्या बाळंतपणांवर बाळंतपणं झाली. शेवटी निलाव झाला, आणि दगडाबाईंच्या मालकांनी मला घरी आणून हिरवा रंग दिला.

मालक वारले तेव्हा भाऊबंद म्हणाले, "विकून टाका. तुमाला चालवता येत न्हाय, दारात ठिवून काय पूजा करायची?"

दगडाबाई भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "मला चालवता येत न्हाय, गावाला येतं की. ज्याची हीर, त्यानंच पानी प्यायचं व्हय?"

तुळजापूरहून आणलेली कवडी त्यांनी माझ्या किल्लीला बांधली आणि किल्ली ओसरीतल्या खुंटीला अडकवली. मग चारचौघांना बोलावून सांगितलं, "ज्याच्या हातात ही कवडी, त्याला माझा हुकूम. परवाना पायजे, डिझेल ज्याचं त्यानं टाकायचं. टॅक्स न् इमा माझ्याकडं. आन् मला इचारायला यायचं न्हाय, माझी दुपारची झोप मोडती."

मित्रांनो, त्या दिवसापासून मी साऱ्या गावाची झाले. माझी पाटी पांढरी, म्हणजे घरगुती. भाड्यानं फिरायची मला मुभा नाही, आणि बाईंनी कुणाकडून भाड्याचा एक रुपया घेतला नाही. माझं वय झालं तेव्हा पर्यावरणाचा जादा टॅक्स लागला. बाईंनी तो भरला, धाराशिवला नेऊन माझं पासिंग केलं. आरटीओच्या साहेबानं विचारलं, "आजी, चालवतं कोण?" बाई म्हणाल्या, "ज्याला गरज हाय त्यो." दर दसऱ्याला माझ्या चाकांखाली लिंबं ठेवायची, बॉनेटवर हळदकुंकू वाहायचं आणि विम्याच्या कागदालाही कुंकू लावायचं, ही आमच्या घरची रीत. वाचता येत नव्हतं, पण तो कागद बाईंना देवासारखा. त्याच कागदानं आम्हा दोघींची अब्रू घेतली.

गेल्या भाद्रपदात बाईंची नात शिवांजली फोन घेऊन ओसरीत आली. "आज्जी, जीपचा विमा संपतोय. फोनवरच भरते, लगेच होतंय."

"आगं, पितर चाललेत. पितरात नवं काय घ्यायचं न्हाय."

"हे नवं न्हाय आज्जी. जुनंच पुढं चालू ठिवायचंय."

"कागद नवा येतो का न्हाय?"

"येतो."

"मग नवंच की! घट बसले की भरू. तंवर काय आभाळ कोसळतंय व्हय?"

शिवांजली पुन्हा म्हणाली, पुन्हा बोलणी खाल्ली आणि फोन बाजूला ठेवला. बाईंशी वाद घालणं म्हणजे बाभळीला मिठी मारणं. विमा संपला. किल्ली मात्र खुंटीवरच राहिली. मित्रांनो, ती उतरवून ठेवायची आठवण ना बाईंना झाली, ना शिवांजलीला. मला तर वाटलंसुद्धा नाही. विम्याशिवाय उभी असले तरी मी तशीच ऐटीत होते.

शेजारचा कुलदीप हा गुणी पोरगा. एसटीच्या ड्रायव्हर भरतीची तयारी करत होता. माझ्यावरच हात बसवलेला. त्याचे वडील बलभीम यांच्या डोळ्याची पट्टी काढायला उमरग्याला जायचं होतं. कुलदीप आला, नेहमीसारखी कवडी कपाळाला लावली, किल्ली घेतली. बाई आत निजल्या होत्या.

गाव मागं पडलं तोच एक कालवड हायवेवर उडी मारून आली. कुलदीपनं ब्रेक दाबला, मला डावीकडं घेतलं. मी थांबले, पण जरा उशिरा. रस्त्याकडेला वीरप्पा सीताफळांची पाटी घेऊन बसले होते. माझा बंपर त्यांच्या पायावर गेला. सीताफळं रस्ताभर फुटली. मागं बसलेले बलभीम पट्टीआडून विचारत राहिले, "काय झालं रं? बोल की, काय झालं?" कुलदीप तोवर उतरून वीरप्पांपाशी धावला होता.

वीरप्पांना दवाखान्यात पोचवून आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. वीज गेलेली, म्हणून जमादारांनी टेबल व्हरांड्यात मांडलं होतं. मी समोरच आवारात उभी होते, एक दिवा फुटलेला, बंपरवर सीताफळाचा गर वाळत चाललेला. बातमी कळताच दगडाबाई, शिवांजली आणि गावची माणसंही तिथं पोचली होती. सगळं मला ऐकू येत होतं.

वीरप्पांची लेक महेश्वरी तिथं आली. रडली नाही. सरळ दगडाबाईंपुढं उभी राहिली.

"अप्पाचा पाय दोन जागी मोडलाय. इमा कुठल्या कंपनीचा हाय ते सांगा, म्हंजे पुढचं बघता येईल."

ज्या बाईच्या तोंडाला सरपंच घाबरतो, ती माझ्या फुटक्या दिव्याकडं बघू लागली. जमादारांनी पेन थांबवलं.

"आजी, विमा?"

शेजारी शिवांजली पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत होती. व्हरांड्यात गावची माणसं जमली होती, ज्यांना बाईंनी आजवर ऐकवलं होतं, टॅक्स न् इमा माझ्याकडं. त्या सगळ्यांच्या देखत बाईंच्या तोंडून निघालं:

"ह्यानं मला न इचारता नेली गाडी."

मित्रांनो, मी उंदरांची बाळंतपणं सोसली, निलावात बोटं नाचवून माझी किंमत झाली तीही सोसली. पण इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

"म्हणजे चोरी लिहू?" जमादारांनी विचारलं.

बलभीम उठून उभे राहिले, एका डोळ्यानं बाईंना शोधू लागले. "वैनी..." एवढंच म्हणाले. चोरी म्हटली की एसटीचा खाकी शर्ट कायमचा गेला, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं.

जमादारांनी टेबलावरची किल्ली उचलली. "काय रे, ही कुठून घेतली?"

"खुंटीवरनं."

"विचारलं होतंस?"

कुलदीपनं बाईंकडं बघितलं. एक शब्द खोटा बोलला असता, 'विचारलं' म्हणाला असता, तर बाई उघड्या पडल्या असत्या. त्यानं मान खाली घातली.

"न्हाय साहेब. तिथं इचारायची रीत न्हाय."

किल्ली जमादारांच्या बोटात लोंबत होती आणि तिच्याखाली ती कवडी हलत होती. दगडाबाई तिच्याकडं बघत राहिल्या. मग पदर खोचला, जसा भांडायच्या आधी खोचतात. पण आवाज खाली आला.

"खोडा साहेब ते. गाडी माझी, हुकूम माझा. इमा म्या ठिवला न्हाय. पितरात नवं घ्यायचं न्हाय म्हणून बसले. पोरीनं सांगितलं, तिलाच झिडकारलं. ह्या लेकराला काय ठावं नव्हतं. काय असंल ते माझ्या नावावर लिहा."

मग महेश्वरीला म्हणाल्या, "बाई, तुझ्या बापाला माझ्या घरी ठिव. पाय बरा हुईस्तोवर मी करते."

"तुमच्या घरी कशाला?" महेश्वरी म्हणाली. "पाय मोडलाय अप्पाचा, घर न्हाय मोडलं. दवाखान्याचं तेवढं बघा."

बाईंना असं उत्तर कुणी दिलं नव्हतं. त्यांनी मान डोलावली.

विमा असता तर कंपनी उभी राहिली असती. आता बाईंना एकट्यांनाच उभं राहावं लागलं, आणि त्या राहिल्या. घटाची वाट न बघता शिवांजलीनं त्याच आवारात माझे चारी बाजूंनी फोटो काढले, फुटक्या दिव्यासकट, आणि विमा भरला. पितर कोपले नाहीत. घरी त्यांच्या पानाला कावळा उशिरा शिवला, पण तो कावळ्याचा आळस. मी मात्र ठाण्याच्या आवारात बरेच दिवस अडकून पडले. टायर बसले, स्टेअरिंगखाली गांधीलमाश्यांनी घर केलं. चोरीचा डाग कुलदीपला लागला नाही, पण अपघाताच्या केसमध्ये नाव राहिलं आणि यंदाची भरती हुकली. ते काही बाईंना भरून देता आलं नाही.

मी घरी आले, किल्ली पुन्हा खुंटीला लागली. पण कुणी हात लावेना. माणसं बसची वाट बघत उन्हात उभी राहायची, पण ओसरीची पायरी चढायची नाहीत. कवडीवर धूळ बसली. बाई धूळ पुसायच्या, ती परत बसायची.

एक दिवस कुलदीप आला. वीरप्पांच्या पायाचं प्लॅस्टर काढायला न्यायचं होतं. ओसरीत बाया शेंगा फोडत बसल्या होत्या. तो खुंटीपाशी गेला, हात वर केला आणि थांबला.

"माय... इमा हाय का?"

शेंगांचा आवाज बंद झाला. त्या घरात असा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. दगडाबाईंचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. मला वाटलं, आता पोराची चामडी सोलणार. पण त्या उठल्या, आतून कागद आणला आणि शिवांजलीनं शिकवलेल्या जागेवर बोट ठेवलं.

"हितनं हितवर. वाच, मोठ्यानं वाच. ह्या बायांना बी ऐकू दे."

कुलदीपनं वाचलं. वाचून होईपर्यंत बाईंनी मान वर केली नाही. मग म्हणाल्या, "दर बारीला इचारायचं. आन् मी चिडले, तर दोनदा इचारायचं."

त्यानं कवडी कपाळाला लावली आणि मला सुरू केलं.

मित्रांनो, मला धुतलं नाही तरी चालेल. बॉनेटवर बसलात तरी चालेल. पण आपली गाडी दुसऱ्याच्या हाती देणं हा मोठेपणा असेल, तर तिचा टॅक्स आणि विमा वेळेवर भरणं हा त्या मोठेपणाचा पाया आहे. पाया नसला की तो मोठेपणा दुसऱ्याच्या पायावर पडतो. आणि किल्ली घेणारे तुम्ही असाल, तर मालक कितीही मानाचा असो, विचारा. त्या दुपारी वीरप्पा माझ्याच पुढच्या सीटवर बसले. बसण्याआधी त्यांनी काठीनं माझ्या बंपरवर हळूच टकटक केली. मी मात्र दवाखान्यापर्यंत एकदाही हॉर्न वाजू दिला नाही.