तीन हाकांचा माणूस

मी मूळचा शहरातला. हे आधीच सांगून टाकतो, कारण समुद्रकाठच्या या स्प्रूस आर्म गावात चौतीस वर्षं राहून, इथल्या मासळीच्या कारखान्यात अर्धं आयुष्य घालवून आणि इथल्याच पोरीशी लग्न करूनही गावाच्या लेखी मी अजून 'शहरवाला लिअँडर'च आहे. माझी सासू ट्रायफीना, वय एक्क्याऐंशी, आमच्याच घरात राहते आणि मला तोंडावर तसंच म्हणते. सगळं गाव तिला मावशी म्हणतं, म्हणून मीही मावशीच म्हणतो. आमचं दोघांचं पटत नाही असं लोक म्हणायचे, आणि ते खोटं नव्हतं.

भांडणाचं मूळ पाव. मावशी दर शनिवारी काकवी घालून पाव भाजते, आणि माळावर जाणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात त्याचा एक तुकडा कोंबते. कशासाठी, तर 'ती मंडळी' आहेत म्हणून. त्यांचं नाव घ्यायचं नसतं. ती गुडघाभर उंचीची असतात, त्यांना माणसांची गंमत करायला आवडते, आणि खिशात पाव नसला की ती चकवा लावतात. जन्मभराची पायवाट पायाखालून नाहीशी होते आणि माणूस गोल गोल फिरत राहतो. मग अंगातला कोट काढून उलटा घालायचा, पाव खायचा आणि असू तिथे बसून राहायचं. हाकांचंही काहीतरी होतं, पण ते मी कधी धड ऐकलं नाही. या कानाने ऐकून त्या कानाने सोडून द्यायची मला सवय लागली होती.

"मावशी, त्यांना पाव एवढा आवडतो तर दुकानातलं एक पाकीटच ठेवून येऊ का माळावर?" मी एकदा विचारलं.

"दुकानातला पाव ती खात नाहीत," मावशी म्हणाली. "तो शहरवाले खातात."

त्या वर्षी ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात माझी बायको सेलिना सकाळीच बादली घेऊन बेरी वेचायला निघाली. दलदलीतली ती केशरी बेरी वर्षातून जेमतेम दोन आठवडे मिळते, आणि ती वेचायची जागा म्हणजे आमच्याकडे गुप्तधन. आई मुलीला सांगते, तेसुद्धा बहुधा मरणपंथाला लागल्यावर. मावशीने जरा लवकर सांगितली, एवढंच. चौतीस वर्षांत बायकोने मला पोटातल्या गाठीपासून भावाच्या भानगडींपर्यंत सगळं सांगितलं, पण बेरीची जागा सांगितली नाही. "एकला जेवायला येते," म्हणाली आणि मावशीने दिलेला तुकडा खिशात घालून गेली. त्या तुकड्यावरूनही मी काहीतरी टोमणा मारला होता.

बाराच्या सुमारास समुद्रावरून धुकं आलं. एक वाजला, मी जेवलो, स्वयंपाकघरातल्या कोचावर आडवा झालो आणि झोपलो. हे सांगताना आजही मला शरम वाटते. साडेतीनला मावशीने काठीने ढोसून मला उठवलं.

"ऊठ, शहरवाल्या. पोरगी आली नाही."

माळावर फोन लागत नाही. मी हेडलीकडे धावलो. हेडली अठ्ठावीस वर्षांचा, गावच्या स्वयंसेवक अग्निशमन दलाचा प्रमुख, आणि हरवलेल्या माणसांना शोधण्याचं तीन दिवसांचं प्रशिक्षण घेतलेला एकटाच. अर्ध्या तासात तो आठ माणसं घेऊन आमच्या दारात आला. निघताना मावशीने माझी कॉलर धरून मला आत ओढलं आणि कानात सांगितलं, "दोन तळी ओलांडायची, मग दुभंगलेला खडक, त्याच्या डाव्या अंगाला. हेडलीला सांगू नकोस. त्याची बायको कधीची वास काढतेय."

पोटची पोरगी धुक्यात हरवलीय आणि हिला बेरीची पडलीय. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण निदान जागा तरी कळली होती.

हेडलीची पद्धत साधी होती. सगळ्यांनी रांगेत वीस पावलं चालायचं, दोन हाका मारायच्या, मिनिटभर श्वास रोखून ऐकायचं, पुढची वीस पावलं. धुकं इतकं दाट होतं की बाजूचा माणूस नुसता खोकल्यावरून कळत होता. मी गोडीगुलाबीने सगळ्यांना तळ्यांच्या दिशेने वळवलं. दुभंगलेल्या खडकापाशी मी स्वतः ओरडलो. "सेलिना! सेलिना!" मग कान देऊन उभा राहिलो. खालून लाटांचा आवाज येत होता. त्या खडकापलीकडे दोनशे पावलांवर जमीन संपते आणि सरळ कडा आहे.

ओ आली नाही. आम्ही पुढे गेलो, कड्याच्या धारेपर्यंत गेलो, परत आलो. सहाच्या सुमारास हेडली माझ्याकडे न बघता म्हणाला, "ती वर नाही, लिअँडर. मी बोट मागवतो."

बोट कड्याखालच्या पाण्यात शोधणार होती. मावशीला हे कुणीतरी सांगायला हवं होतं, म्हणून आम्ही दोघे घरी आलो.

मावशी टेबलापाशी पाव कापत होती. तिने माझं तोंड पाहिलं आणि विचारलं, "किती हाका मारल्यास?"

"शंभर मारल्या असतील."

"शंभर सोड. एका जागी उभं राहून किती?"

"दोन. मग गप्प राहून ऐकायचं. तसा नियम आहे."

मावशीने सुरी खाली ठेवली. "एक हाक वाऱ्याची, दोन हाका त्यांच्या, तीन हाका माणसाच्या. पाळण्यात होती तेव्हापासून शिकवलंय तिला. दोन हाकांना ती मेली तरी ओ देणार नाही."

"मावशी, ती सत्तावन्न वर्षांची बाई आहे."

"म्हणून तर. अक्कल आहे तिला."

दारात उभ्या हेडलीने टोपी हातात घेतली. "आमची आजी पण सांगायची हे," तो म्हणाला. "पण प्रशिक्षणात..."

"शिकवणाऱ्याची आजी कुठली होती?" मावशीने विचारलं.

हेडलीला मागे घेऊन मी तसाच उलट पावली धावत सुटलो. साठ वर्षांचा माणूस जितका धावतो तितका. दुभंगलेल्या खडकापाशी पुन्हा उभा राहिलो आणि हाक मारली. मग दुसरी मारली. मग तिसरी, नाव पुरतं उच्चारून. मनात म्हटलं, आता ओ आली नाही तर पुढे काही उरलेलं नाही.

"किती ओरडशील?" डावीकडून आवाज आला. "इथेच आहे मी."

तीस पावलांवर, एका खोलगट जागेत ती बसली होती. पाऊल सुजून टम्म झालेलं. कोट उलटा घातलेला, चौकटीचं अस्तर बाहेर. बेरीने भरलेली बादली मांडीशी. मी तिला मिठी मारली आणि हेडलीसमोर ढसाढसा रडलो. नंतर गावभर झालं ते, होऊ दे.

"मघाशी तू एवढ्याशा अंतरावरून गेलास," ती म्हणाली. "मला तुझा खोकला ऐकू आला."

"आणि गप्प बसलीस?"

"दोनदाच ओरडलास ना. मला वाटलं पुन्हा तेच."

"पुन्हा म्हणजे?"

"इथे नको. त्यांच्याबद्दल माळावर बोलत नाहीत. घरी चल."

बादली तिथेच ठेवून आम्ही तिला आळीपाळीने पाठीवर घेऊन आणलं. मावशीने लेकीला पाहिलं, तिचं पाऊल गरम पाण्याच्या घंगाळात ठेवलं आणि चहात डब्यातलं दूध ओतलं. तेव्हा मला कळलं की बेरीची जागा लपवणारी ही बाई निर्दय नव्हती. लेक परत येणार आणि पुढच्या वर्षी पुन्हा वेचायला जाणार, यावर तिने सगळी भिस्त ठेवली होती.

सेलिनाने चहाचा घोट घेतला आणि सांगितलं. "पाय मुरगळल्यावर मी कोट उलटा घातला आणि बसून राहिले. तेवढ्यात तू हाक मारलीस. घड्याळ बघितलं मी, दोन वाजून दहा मिनिटं. 'सेलिना, इकडे ये, वाट इकडे आहे.' दोनदा. तुझाच आवाज, लिअँडर. शब्द संपताना नाकात बोलतोस तस्सा. मी रांगत निघालेच होते. मग म्हटलं, तिसरी येऊ दे. चुकून ओ जाऊ नये म्हणून पाव तोंडात कोंबला आणि वाट बघितली. तिसरी आलीच नाही."

"आवाज कुठल्या बाजूने होता?" हेडलीने विचारलं.

"कड्याच्या."

हेडलीने कप खाली ठेवला. दोन वाजून दहा मिनिटांनी मी त्याच स्वयंपाकघरात, त्याच कोचावर घोरत होतो. समोर मावशी विणत बसलेली होती, ती साक्षीला आहे.

धुक्यात आवाज फिरतो हे मला माहीत आहे. खालून कुणाची होडी गेली असेल, दुखण्याने तिला भास झाला असेल. यातलं काहीही असू शकतं, मी कुणाशी वाद घालत नाही. पण आवाज कुणाचाही असो, माझी बायको त्या दिशेने दोनशे पावलं रांगत गेली नाही. गेली नाही, कारण कधीतरी कुण्या एका बाईने पीठ मळता मळता आपल्या पोरीला दोन ओळी सांगितल्या, तिने तिच्या पोरीला सांगितल्या, आणि मधे कुणीही कंटाळलं नाही. त्या पहिल्या बाईचं नाव कुठे लिहिलेलं नाही. मी तिचा जन्माचा ऋणी आहे, आणि मधल्या सगळ्यांचाही.

"मावशी, तुझे फार उपकार झाले," मी म्हणालो.

"माझे कसले? मला आईने सांगितलं." मग म्हणाली, "तू परत जाऊन तिसरी मारलीस. ती तुझी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बादली आणायला निघालो आणि दारात थांबून मावशीपुढे हात केला. तिने पावाचा कडेचा जाड तुकडा दिला. टोमणा मारायची इतकी चांगली संधी तिने पहिल्यांदाच सोडली.

हेडलीच्या दलात आता एका जागी तीन हाका मारतात. मी तर बाजारातून आलो तरी फाटकाशी उभा राहून सेलिनाला तीनदा हाक मारतो. शेजारी हसतात. पहिल्या दोन तिला नीट ऐकू जातात, खिडकीतून तिचे हात थांबलेले मला दिसतात. तिसरीला ती ओ देते, आणि मग मी घरात जातो.