बदकाची फिरती खुर्ची

बाबांचे गुडघे वाकत नव्हते आणि बाबाही. गुडघ्यांपुढे डॉक्टरांनी हात टेकले होते, बाबांपुढे घरच्यांनी.

तीस वर्षं त्यांनी एका अकरा मजली कचेरीत लिफ्ट चालवली होती. जगाला वर पोचवलं आणि स्वतःसाठी घर घेतलं तळमजल्यावर. गेल्या सहा वर्षांत ते कुठल्याही गाडीत बसले नव्हते. शेवटच्या टॅक्सीच्या दारात ते अर्धे आत, अर्धे बाहेर असे अडकले होते आणि भोवती जमलेल्या सात जणांनी नऊ सल्ले दिले होते. त्या दिवसापासून चार चाकांशी त्यांचा अबोला होता.

दोन तासांच्या अंतरावर त्यांची थोरली बहीण राहायची. तिचेही गुडघे त्याच कारखान्यातले. रोज सकाळी साडेआठला फोनवर ठरलेलं भांडण.

"आक्का, तू ये."

"मी मोठी आहे. तू ये."

"माझे गुडघे..."

"आणि मला काय चाकं फुटलीत?"

परवा मात्र आक्का म्हणाली, "तुझा चेहरा आठवायला हल्ली फोटो काढावा लागतो रे," आणि न भांडताच फोन ठेवला. बाबा दिवसभर फोनशेजारीच बसून राहिले. त्यांची लेक चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. कुणाला काय दिसत नाहीये हे ओळखणं तिचं कामच होतं. तिने त्याच रात्री गाडी शोधायला घेतली.

सापडली ती 'हंसगती' कंपनीची. लोक तिला बदक म्हणायचे. तिच्या एका जुन्या मॉडेलमध्ये बटण दाबलं की पुढची सीट दाराकडे वळायची, बाहेर यायची आणि उभ्या माणसाच्या पाठीशी येऊन थांबायची. नुसतं टेकायचं, वाकायचं नाही. कंपनी मात्र पार डबघाईला आली होती. शेवटच्या जाहिरातीत तिने अर्धीच गाडी छापली होती.

लेकीने फोन लावला.

"खरेदीसाठी एक दाबा, तक्रारीसाठी दोन," एक माणूस म्हणाला.

तिने एक दाबलं.

"नमस्कार, खरेदी विभाग," तोच माणूस म्हणाला, जरा जाड आवाजात.

दुसऱ्या दिवशी ती शोरूममध्ये पोचली. दिव्यांपैकी तिसरा हिस्सा चालू होता. टेबल नाही, खुर्ची नाही, कपाट नाही. मधोमध एकुलती एक गाडी, निळी. ती जवळ जाताच गाडीचं दार उघडलं, घर्रर्र आवाज झाला आणि सीटवर बसलेला टाय घातलेला माणूस वळून, सरकत, थेट तिच्यासमोर आला.

"या मॅडम, बसा," तो म्हणाला. मग आजूबाजूला बघून म्हणाला, "किंवा उभ्याच राहा."

हीच ती सीट!

"ही गाडी विकायची आहे?"

"हे माझं ऑफिस आहे," टायवाला म्हणाला. "फर्निचर गेल्या वर्षी गेलं. डिकीत हिशेब विभाग, मागच्या सीटवर तक्रार विभाग. पण विकायची तर आहेच."

"किती चाललीय?"

"अकरा किलोमीटर. खुर्ची म्हणून मात्र वर्षभर, रोज आठ तास."

तिने टायवाल्याला उठवलं, स्वतः बसली, आत गेली, बाहेर आली. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. सहाव्या फेरीला तिला हसू आवरेना.

"उद्या सकाळी नऊला घरी आणा," ती म्हणाली. "बाबांना बसता आलं, तर गाडी घेतली."

"आणि नाही आलं तर?"

"तर तुमचं ऑफिस तुम्हाला लखलाभ."

आनंदाच्या भरात तिने बाबांच्या आधी आक्काला फोन करून सांगितलं, "उद्या अकरा वाजता दारात उभी राहा." आक्का म्हणाली, "मी दहापासून उभी राहते."

सकाळी नऊच्या ठोक्याला बदक दारात हजर. बाबा काठी टेकत आले. सीट बघून त्यांचे डोळे चमकले, पण लगेच चेहरा त्यांनी जागेवर आणला. ते पाठमोरे उभे राहिले, टेकले. लेकीने सीटखालचा दांडा वर-खाली करत दुकानातल्या सवयीने विचारलं, "उंची आता बरी, की मगाशी बरी?"

"आता."

"आणि आता?"

"मगाशी."

जमलं! टायवाला पुढे झाला आणि ग्राहकसेवा म्हणून त्याने अदबीने बटण दाबलं.

घर्रर्र.

बाबांनी काठी रस्त्यात रोवली. सीट थांबली. बाबा उठले.

"माझ्या देखत," ते म्हणाले, "दुसऱ्याने बटण दाबलं."

"काका, कंपनीचा नियम आहे, ग्राहकाला त्रास..."

"तीस वर्षांत एकाही संचालकाला बटणाला बोट लावू दिलं नाही मी! तुम्ही कोण?"

"मी... सगळेच आहे," टायवाला म्हणाला.

बाबा घराकडे वळले. लेकीला आपली चूक कळली. गुडघ्यांची सगळी मापं काढली आणि माणसाचंच काढायचं राहिलं! तिकडे आक्का आत्ता चपला शोधत असेल. लेक धावत बाबांच्या पुढ्यात गेली.

"बाबा, मी तुम्हाला पॅसेंजर म्हणून बोलावलंच नाही. पॅसेंजर हे आहेत." तिने टायवाल्याकडे बोट दाखवलं. "यांना आक्काकडे न्यायचंय. चालवणारी मी आहे, पण दाराशी माणूस कुठाय?"

बाबा थांबले. त्यांनी टायवाल्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"किती जण?"

"एकच," टायवाला पटकन म्हणाला. "आणि फायली."

"फायली उतरवा. आधी उतरणाऱ्यांना उतरू द्या, मग चढा."

तक्रार विभाग जिन्याखाली ठेवण्यात आला. टायवाला मागे बसला. बाबा सीटवर टेकले, शर्टाचं वरचं बटण लावलं, मग गाडीचं दाबलं. घर्रर्र करत ते असे ताठ आत गेले, की समोरच्या खिडकीतल्या बाईंनी टाळ्या वाजवल्या.

"सरका, दार बंद होतंय!" बाबा ओरडले. सरकायला कुणीच नव्हतं.

"एवढी लांब ट्रायल चालेल ना?" लेकीने विचारलं.

"कंपनीचं धोरणच आहे," टायवाला म्हणाला. "आत्ताच ठरवलं."

मग बदक जे सुटलं! बाबांनी काच खाली केली, वर केली, पुन्हा खाली केली. पूल आला तेव्हा म्हणाले, "पहिला मजला." चढ लागला तेव्हा, "चौथा." मागून टायवाला फोनवर कधी खरेदी, कधी तक्रार असे आवाज बदलत होता. बाबा मान न वळवता म्हणाले, "गर्दी फार झाली मागे."

सव्वाअकराला गाडी आक्काच्या दारात थांबली. आक्का उभीच होती, एक हात भिंतीला.

घर्रर्र. बाबा वळून बाहेर आले, पण सीटवरून उठले नाहीत. सहा वर्षांनी दोघं एकमेकांकडे बघत राहिली.

"आलास ना शेवटी!" आक्काचा आवाज कापला, तरी तिने तो विजयी ठेवला. "मी जिंकले."

"मी आलोय कुठे?" बाबा म्हणाले. "लिफ्ट कधी पाहुणी येते का? लिफ्ट न्यायला येते. चल, तुला माझ्याकडे यायचं आहे."

लेकीने कपाळावर हात मारला. पण आक्का भिंतीवरचा हात काढून दोन पावलं पुढे आली. सीट बघितली, बटण बघितलं, भावाचा चेहरा तर डोळे भरून बघितला.

"येते की," ती म्हणाली. "पण सीट एकच आहे. आणि तूच सांगतोस ना जगाला, आधी उतरणाऱ्यांना उतरू द्या?"

नियम बाबांचाच होता.

ते उतरले. त्यांचं पाऊल अंगणात पडताच आक्काने त्यांचा दंड असा धरला, की आता लिफ्ट गेली तरी चालणार होतं.

"मॅडम," टायवाला मागून हळूच म्हणाला, "घेताय ना मग?"

"घेतली!" लेक डोळे पुसत म्हणाली. "तुमचं ऑफिस रिकामं करा."